पर्वतांतील झोपड्यांचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, राजवाडे आणि देवालयें उभीं राहतात. ज्या वास्तूंच्या भिंतींवर शिल्प नाहीं, शिलालेख नाहीं, आणि ज्या चिरकाल टिकाव्या अशी बांधणाऱ्याचीहि अपेक्षा नव्हती, त्यांची गणना इतिहासांत करावी कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांतील पर्वतांत हा प्रश्न वणव्यानें वारंवार विचारला आहे. आणि त्याचें उत्तर पंडितांच्या आधीं हातांत कुऱ्हाड व पाचर घेतलेल्या सामान्य नागरिकांनीं दिलें आहे. तें उत्तर कितपत योग्य आहे, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या प्रांतांत ही पर्वतराजी पसरलेली आहे. तिचें सर्वोच्च शिखर कॉझिअस्को हें अवघें २२२८ मीटर उंच. परंतु हिवाळ्यांत तेथें बर्फाचें साम्राज्य असतें आणि उन्हाळ्यांत कुरणें हिरवीं होतात. गोऱ्या लोकांच्या आगमनापूर्वीं हजारों वर्षें येथील मूळचे रहिवासी उन्हाळ्यांत या उंचवट्यावर जमत, आणि खडकांच्या कपारींत थव्यांनीं बसणारे बोगाँग नांवाचे पतंग भाजून खात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गुराख्यांनीं आपले कळप वर आणण्यास आरंभ केला. १८५९-६० मध्यें कियांड्रा येथें सोनें सांपडलें, तेव्हां खाणवाल्यांचा लोंढा आला. पुढें बर्फावर घसरण्याचे शौकीन आले, आणि १९४९ पासून १९७४ पर्यंत चाललेल्या स्नोई नदीच्या जलविद्युत्-योजनेचे मोजणीदार व कामगारहि आले. या प्रत्येकानें आपापल्या सोयीपुरता निवारा उभारला.

हा निवारा बहुधा जागच्याच साहित्याचा असे. उभें झाड पाडावयाचें, पाचर ठोकून त्याच्या जाड फळ्या चिरावयाच्या, वाकसानें तासावयाच्या, आणि वर लांकडी कौलें किंवा पन्हळी पत्रा घालावयाचा. बोगाँगच्या पठारावर वॉलेस बंधूंनीं १८८९ मध्यें बांधलेली झोपडी अशाच फळ्यांची असून ती आजहि उभी आहे. उलट, कियांड्राच्या शेजारची ‘फोर माइल’ झोपडी १९३७ मध्यें बॉब ह्यूज या खाणवाल्यानें खाणीचें टाकाऊ सामान जमवून रचिली. दारिद्र्य व कल्पकता यांचा असा संगम राजवाड्यांत पाहावयास मिळत नाहीं.

या झोपड्यांचें मोल केवळ स्मरणापुरतें नाहीं. १९२८ च्या ऑगस्टमध्यें कॉझिअस्कोजवळ लॉरी सीमन व इव्हॅन हेज हे दोघे तरुण हिमवादळांत सांपडून मरण पावले. सीमनच्या आईबापांनीं दिलेल्या पैशांतून १९२९ मध्यें तेथें एक दगडी आसरा बांधण्यांत आला, आणि पुढें वाट चुकलेल्यांस तो उपयोगी पडला.

कॉझिअस्कोचा प्रदेश १९४४ मध्यें सरकारी उद्यान व १९६७ मध्यें राष्ट्रीय उद्यान झाला. गुरांच्या खुरांनीं माती धुपते व झऱ्यांकांठची दलदल उध्वस्त होते, हें शास्त्रज्ञांनीं दाखविल्यावर चराई क्रमाक्रमानें बंद झाली. गुराखी गेले, झोपड्या मात्र निर्नायकी झाल्या. तेव्हां १९७० च्या सुमारास पर्वतप्रेमी मंडळींनीं ‘कॉझिअस्को हट्स असोसिएशन’ स्थापन केली. एकेका झोपडीचें पालकत्व एखादें भ्रमणमंडळ किंवा कुटुंब पत्करतें, आणि आपल्या फुरसतीच्या दिवसांत छप्पर, धुराडें व पाया यांची डागडुजी करतें, अशी तिची रीत आहे.

या परिश्रमाची खरी कसोटी वणव्यांनीं घेतली. २००३ च्या जानेवारींत विजा पडून लागलेल्या आगींनीं दोन्ही प्रांतांतील पर्वत होरपळून काढले व कित्येक झोपड्यांची राख केली. त्यांपैकीं निवडक पुन्हां बांधण्यांत आल्या. २०१९ च्या डिसेंबरांत पेटलेला वणवा जानेवारी २०२० मध्यें कियांड्राच्या परिसरांत शिरला, आणि दहांहून अधिक ऐतिहासिक वास्तु त्यानें गिळल्या. त्यांत १८९० चें न्यायमंदिर होतें, ह्यूजची झोपडी होती, आणि डेलनीची झोपडीहि होती. ही शेवटची २००३ मध्यें जळून नव्यानें उभारलेली. ती दुसऱ्यांदा जळाली. तरी उद्यानखात्याचे कारागीर व स्वयंसेवक यांनीं जुनीं छायाचित्रें व मोजमापें पुढें ठेवून पुनः कामास हात घातला, आणि या दोन्ही झोपड्या पुन्हां उभ्या राहिल्या.

येथेंच आक्षेपकांचें म्हणणें ऐकणें प्राप्त आहे. ते म्हणतात, जळालेली वस्तु गेली. नवी बांधली ती नक्कल होय. शिवाय ज्या गुराख्यांनीं मूळच्या लोकांस हुसकलें व भूमीची हानि केली, त्यांचीं स्मारकें राष्ट्रीय उद्यानांत कां वाढवावीं? माउंट स्टर्लिंगवरील ‘क्रेग्ज हट’ तर चित्रपटासाठीं उभारलेला देखावा. ती डिसेंबर २००६ मध्यें जळाली, तेव्हां तीहि पुन्हां बांधली गेली! मग इतिहास कोठें संपतो व हौस कोठें सुरू होते?

आक्षेप पोकळ नाहीं. १९७९ मध्यें स्वीकारलेल्या बर्रा सनदेंत ऑस्ट्रेलियन तज्ज्ञांनींच डागडुजी व पुनर्रचना यांत स्पष्ट भेद केला आहे: जेथें नवें साहित्य येतें तेथें ती पुनर्रचनाच, आणि ती पुराव्यावांचून करूं नये. आम्हांस हा भेद मान्य आहे. नवी झोपडी जुनी म्हणून मिरवूं नये. तिच्या बांधणीचें वर्ष तिच्यावर कोरलेलें असावें, आणि पतंगांसाठीं वर चढणाऱ्या मूळच्या लोकांची हकीकतहि तेथें सांगितलेली असावी.

परंतु आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दांत जो अर्थ आहे, तो केवळ दगडालांकडाचा नाहीं. देवालयाचा पाषाण बदलतो. पूजा चालू राहते. या झोपड्यांच्या बाबतींत चालू राहतें तें हस्तकौशल्य. सरळ रेषेचें झाड कोणतें, पाचर कोठें मारिली असतां फळी दुभंगत नाहीं, हें ज्ञान ग्रंथांत राहत नाहीं. तें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें, आणि दोन पिढ्या काम थांबलें तर नाहींसें होतें. वणव्यानें ती शाळा पुन्हां उघडली. शिवाय हिमवादळांत सांपडलेल्या माणसास छप्पर १८८९ चें आहे कीं गेल्या सालचें, याची चौकशी करण्यास सवड नसते.

म्हणून सर्वच जळालेल्या झोपड्या उभाराव्या असें आमचें म्हणणें नाहीं. जिचा पुरावा आहे, जिला वाटसरूची गरज आहे व जिला सांभाळणारे हात आहेत, ती उभारावी. बाकीच्यांचीं जोतीं व धुराडीं तशींच राहूं द्यावीं. त्या प्रदेशांत वणवा पुन्हां येणार, हें उघड आहे. हें जाणूनहि जे लोक पुनः फळ्या चिरावयास बसतात, त्यांस आम्ही इतिहासाचे नकलाकार म्हणणार नाहीं. इतिहासाचे कारागीर म्हणूं.