एका कुपीचा हिशेब

संशोधकाच्या वृत्तीची थोरवी गातांना आपण बहुधा शोधाचा दिवस तेवढा आठवतों. पुढचीं वर्षें कशीं गेलीं याची विचारपूस फारसें कोणी करीत नाहीं. वाल्डेमार हाफकीन यांचें चरित्र या दृष्टीनें वाचावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां पटकीच्या लशीमुळें नांवारूपास आलेल्या या ओडेसाच्या प्राणिशास्त्रज्ञास सरकारनें इकडे पाठविलें. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली, एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यावर त्यांनीं सुमारें तीन महिन्यांत लस सिद्ध केली. मांसाच्या रशांत प्लेगचे जंतु सोडावयाचे, वर तूप घालावयाचें, म्हणजे तुपाच्या थेंबांखालीं ते झुंबरासारखे लोंबत वाढत. मग उष्णतेनें मारून तेंच द्रव्य टोंचावयाचें. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं तें प्रथम स्वतःस टोंचून घेतलें व ताप सोसला. पुढें ही लस लक्षावधि लोकांस टोंचली गेली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस दिली. त्यांपैकीं एकाच कुपींतील लस मिळालेले १९ जण धनुर्वातानें दगावले. चौकशी मंडळानें ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकीन यांस कामावरून दूर केलें. वस्तुतः त्या गांवीं कुपी उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता. शिवाय मुंबईंतच दूषित झालेली लस इतक्या दिवसांनीं दुर्गंधि आल्यावांचून राहती ना. एकोणीस घरांच्या आकांतापुढें एका विद्वानाच्या मानाची गोष्ट काढणें कोणास खटकेल. पण दोष भलत्याच ठिकाणीं शोधला, तर खरा दोष पुढच्या गांवीं पुन्हा जीव घेतो, हें विसरून कसें चालेल?

रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं जुलै १९०७ मध्यें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांतून त्यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षीं त्यांस पुन्हा हिंदुस्थानांत नोकरी मिळाली. पण ती कलकत्त्यास. स्वतः उभारलेली प्रयोगशाळा हातची गेली ती गेलीच. आमच्या मतें अंगावर घेतलेल्या तापापेक्षां ही शिक्षा जड होती.

१९२५ सालीं परळच्या त्या प्रयोगशाळेस हाफकीन यांचें नांव देण्यांत आलें. तेव्हां ते युरोपांत होते. १९३० सालीं लोझान येथें ते वारले.