गुणपत्रिका आणि पदवीचे मोल



उन्हाळा सरता सरता दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि कामगारांच्या घरांतून एकच बोलणे सुरू होते. पोराला पन्नास-पंचावन्न टक्के पडले; आता कॉलेजात जागा मिळेल काय? आणि पदरमोड करून पदवी घेतलीच, तर तिचा उपयोग काय? हे दोन्ही प्रश्न आजचे वाटतात; परंतु ते आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक जुने आहेत. त्यांचीच हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

पदवीला बाजारभाव आला तो सरकारी नोकरीमुळे. १८४४ साली गव्हर्नर-जनरल लॉर्ड हार्डिंज यांनी ठराव केला की, इंग्रजी शिकून तयार झालेल्यांस सरकारी नोकरीत अग्रक्रम द्यावा. १८५४ साली वुडसाहेबांचा खलिता आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. हीच पुढे मॅट्रिक म्हणून घरोघर माहीत झाली. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले ते अवघे चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. कामगार चळवळीतला माणूस हा आकडा पाहून लगेच म्हणेल, गरज साऱ्या इलाख्याची आणि माणसे चार. मग दर चढा राहणारच!

परंतु या दारातून आत जावयाचे कोणी? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सारा भरावयाचा शेतकऱ्याने आणि त्यावर उच्च शिक्षण घ्यावयाचे वरच्या वर्गांनी, हा त्यांचा आक्षेप सर्वांस ठाऊक आहे. त्याच निवेदनात आणखी एक लहानशी सूचना आहे. मुंबई विद्यापीठ आपल्या प्रवेश परीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास केलेल्यांस बसू देत असे. ही सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे कॉलेजचा खर्च न झेपणारे तरुणही पदवीपर्यंत जातील, असे जोतीरावांनी सुचविले होते. नोकरी सांभाळून घरी अभ्यास करणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले ते १९८९ साली. मध्ये १०७ वर्षे गेली!

आता गुणांकडे वळू. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा अडतीसलाही थोडे कमी. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून लोकांनी सभा भरवून त्याचे कौतुक केले. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. पुढे पैशाची अडचण पडली तेव्हा केळुसकरांनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली तो बी.ए. झाला, १९१३ साली बडोद्याच्याच मदतीने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला. पुढचे सांगण्याची गरज नाही.

शेकडा अडतीसचा तोच अर्ज आजच्या प्रवेशयादीत कोठे राहिला असता? त्या काळी प्रवेश परीक्षा उतरला की कॉलेजचा अधिकार मिळे. अडत असे ते फीपाशी आणि जातीपाशी. आज पास झालेल्यालाही सांगावे लागते की, बाळ, तुझे गुण कमी पडले. गुण कमी पडले म्हणजे काय? नावाजलेल्या कॉलेजात जागा शंभर आणि अर्ज हजार, म्हणून नऊशेंना बाहेर ठेवणे भाग पडते. कारखान्याच्या फाटकावर भरतीच्या दिवशी जी माणसे परत जातात, त्यांना कोणी नालायक म्हणत नाही. जागा भरल्या असे म्हणतात. मग पोरांच्या बाबतीत आपली भाषा का बदलावी? यादीतला शेवटचा आकडा मागणी-पुरवठ्याचा असतो. पोराच्या डोक्याचे माप त्यात शोधू नये.

आता पदवीचे मोल. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. कचेरीतला शिपाई कागद हातात न देता दुरून टाकी. एवढ्या शिक्षणाने डोक्यावर छप्परसुद्धा मिळाले नाही! तरीही त्यांनी शिक्षण सोडा असे कोणाला सांगितले नाही. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि वर्ग सकाळी भरविले. हेतू हा की, दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. इकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभारून 'कमवा आणि शिका' हे सूत्र कॉलेजपर्यंत नेले. स्वतः भाऊराव मॅट्रिकही नव्हते. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्मान्य पदवी दिली. जन्मभर इतरांना पदवीच्या दारापर्यंत पोहोचविणाऱ्याला अखेरच्या वर्षी पदवीनेच नमस्कार केला.

मी स्वतः दहावीनंतर कामाला लागलो. कामगार कायदा शिकलो तो न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे. म्हणून पदवीचा मला मत्सर नाही आणि भुरळही नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातला कंत्राटी रखवालदार आमच्याकडे आला. बी.कॉम. झालेला, पगार मात्र रखवालदाराचाच. जे काम पूर्वी चौथी-सातवी शिकलेला माणूस करी, तेच तो करीत होता. पदवीधर वाढले, कायमच्या जागा घटल्या, तेव्हा पदवीचा बाजारभाव उतरला. परंतु या गृहस्थाने सोबत्यांच्या पगाराच्या पावत्या जमविल्या होत्या, आकडे मांडले होते. भविष्यनिर्वाह निधीपोटी दरमहा शेकडा बारा कापले जात होते आणि भरणा होत नव्हता, हे त्याने कागदावर सिद्ध केले. अर्ज गेला, पाठपुरावा झाला, पैसे खात्यांत जमा झाले. त्याच्या पदवीला बाजाराने दर दिला नाही. सोबत्यांच्या मात्र ती कामी आली.

तेव्हा कामगार आईबापांना माझे सांगणे एवढेच. पोराचे गुण बेताचे आहेत म्हणून त्याला घरात खाली मान घालावयास लावू नका. कर्ज काढण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करा : फी किती, शिष्यवृत्ती कोणती, हात चालवून शिकावयाचे काही आहे काय, आणि तेथून बाहेर पडलेली मुले आज काय करतात? नावाजलेले कॉलेज नाही मिळाले तर जवळचे बघा, मुक्त विद्यापीठ बघा, आय.टी.आय. बघा. जागा वाढाव्यात, फी उतरावी आणि शिकलेल्याला कायमचे काम मिळावे, ही मागणी मात्र एकट्या घराची नव्हे. ती आपण संघटित होऊन करावयाची आहे.

त्या पहिल्या चार पदवीधरांपैकी रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पदवी मिळालेल्या माणसाने पदवी नसलेल्यांसाठी मांडव घातला. अशा मांडवाच्या दारात आजही गुणपत्रिका विचारीत नाहीत, म्हणून माझ्यासारखा माणूस येथे प्रथम ऐकावयास बसला आणि आज बोलावयास उभा राहिला आहे.