शॉन डाइच

शॉन मार्क डाइच (जन्म: २८ जून १९७१, केटरिंग, नॉर्दम्प्टनशायर) हे इंग्लंडचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक आहेत. मध्य बचावपटू म्हणून त्यांची सारी कारकीर्द प्रीमियर लीगच्या खालच्या श्रेणींत गेली. ज्या स्पर्धेत ते खेळाडू म्हणून एकदाही उतरले नाहीत, तिच्यात त्यांनी पुढे बर्नली व एव्हर्टन या संघांचे व्यवस्थापकपद सांभाळले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

ब्रायन क्लफ व्यवस्थापक असताना डाइच नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या युवा संघात घडले. परंतु मुख्य संघातून खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. १९९० मध्ये ते चेस्टरफील्ड संघात गेले आणि सात वर्षांत दोनशेहून अधिक लीग सामने खेळले. १९९५ मध्ये वेम्बली येथील निर्णायक सामन्यात बरी संघाला २-० असे हरवून चेस्टरफील्डने तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली.

या काळातील सर्वांत गाजलेला प्रसंग १९९७ च्या एफए चषकाचा होय. डाइच यांच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या श्रेणीतील हा संघ बोल्टन, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि रेक्सहॅम यांना नमवून उपान्त्य फेरीत पोहोचला. १३ एप्रिल रोजी ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर प्रीमियर लीगमधील मिडल्सब्रो संघाविरुद्ध अँडी मॉरिस यांच्या गोलनंतर डाइच यांनी पेनल्टीवर दुसरा गोल केला. मिडल्सब्रोने एक गोल फेडल्यावर जोनाथन हॉवर्ड यांनी मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या आत पडला. पण पंच डेव्हिड एलरे यांनी गोल दिला नाही. गोलरेषा तंत्रज्ञान तेव्हा नव्हते. अखेर जादा वेळेच्या अंतिम क्षणी जेमी ह्युइट यांनी बरोबरी साधून सामना ३-३ असा सोडवला. फेरसामना चेस्टरफील्डने ०-३ असा गमावला. तिसऱ्या श्रेणीतील कोणताही संघ आजवर या चषकाच्या अंतिम सामन्यात खेळलेला नाही; म्हणूनच त्या न दिलेल्या गोलची चर्चा संपत नाही.

त्यानंतर डाइच ब्रिस्टल सिटी, ल्युटन टाउन (उसनवारीवर), मिलवॉल, वॉटफर्ड व नॉर्दम्प्टन टाउन या संघांकडून खेळले आणि २००७ मध्ये निवृत्त झाले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

निवृत्तीनंतर ते वॉटफर्डच्या युवा संघाचे प्रशिक्षक, मग सहायक व्यवस्थापक आणि जून २०११ मध्ये व्यवस्थापक झाले. पहिल्याच हंगामात संघ दुसऱ्या श्रेणीत अकराव्या स्थानी आला. ही कामगिरी समाधानकारक होती; तरीही २०१२ मध्ये क्लबची मालकी पोझो कुटुंबाकडे जाताच डाइच यांना दूर करून जियानफ्रँको झोला यांना नेमण्यात आले.

ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी बर्नलीची सूत्रे हाती घेतली. लँकेशायरमधील हे जुने कापडगिरण्यांचे शहर लाखभर वस्तीचेही नाही. २०१३-१४ च्या हंगामात अत्यल्प खर्चात संघाने ९३ गुणांसह दुसरे स्थान व बढती मिळवली. त्याच हंगामात शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सवर २-१ असा विजय मिळाला. १९७९ नंतर बर्नलीने या प्रतिस्पर्ध्याला प्रथमच हरवले होते. (ब्लॅकबर्नची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे.)

पुढच्याच वर्षी पदावनती झाली. अशा वेळी व्यवस्थापक बदलण्याचीच रीत असते. बर्नलीने ती पाळली नाही, आणि २०१६ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला. २०१७-१८ मध्ये बर्नली प्रीमियर लीगमध्ये सातव्या स्थानी आला. ३८ सामन्यांत केवळ ३६ गोल करून आणि ३९ स्वीकारून संघ युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पोहोचला. युरोपीय स्पर्धेत हा क्लब अर्धशतकानंतर परतत होता. त्या आनंदात गावातील एका मद्यगृहाला ‘रॉयल डाइच’ असे नाव देण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये पदावनतीचे सावट असताना, हंगामाचे आठ सामने उरले असता, त्यांना पदमुक्त करण्यात आले. बर्नलीची पदावनती त्यामुळे टळली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ते एव्हर्टनमध्ये आले, तेव्हा संघ एकोणिसाव्या स्थानी होता. पहिल्याच सामन्यात अव्वल स्थानावरील आर्सेनलवर १-० असा विजय मिळाला आणि शेवटच्या दिवशी बोर्नमथला हरवून संघ वाचला. पुढील हंगामात आर्थिक नियमभंगाबद्दल एव्हर्टनचे एकूण ८ गुण कापण्यात आले. तरीही संघ ४० गुणांसह पंधरावा आला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना एव्हर्टनमधून दूर करण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांची नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली.

खेळाची पद्धत

डाइच यांचे संघ बहुधा ४-४-२ या रचनेत, दोन घट्ट ओळींत, आपल्या गोलजवळ राहून बचाव करतात व लांब पासवर भर देतात. या पद्धतीवर रुक्षतेचा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र टॉम हीटन व निक पोप हे गोलरक्षक आणि मायकेल कीन व जेम्स टार्कोव्स्की हे बचावपटू बर्नलीत असतानाच इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळले.