घर विकत घेतलं, पण आपलं कधी झालं? पेसाक ते बेलापूर



नवं घर घेतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, केवढ्याला पडलं? आणि दुसरा, इंटीरिअर कधी करताय? म्हणजे घर घेतलं की लगेच त्याची मोडतोड करून, पाच-सहा लाख ओतून, ते कॅटलॉगमधल्या फोटोसारखं दिसलं पाहिजे, असं जणू ठरूनच गेलंय. आजच्या भागात मला जरा वेगळा प्रश्न विचारायचाय. विकत घेतलेलं घर ‘आपलं’ होतं ते नेमकं कशामुळे? यावर मतं खूप आहेत, पण इतिहासात याची दोन चांगली उदाहरणं आहेत. एक फ्रान्समधलं आणि दुसरं आपल्या नवी मुंबईतलं. दोन्ही ठिकाणी एका मोठ्या वास्तुविशारदानं घरं बांधली, आणि दोन्ही ठिकाणी राहणाऱ्यांनी ती बदलली.

पहिलं उदाहरण पेसाकचं. दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये बोर्दो शहर आहे, त्याच्या बाजूलाच हे पेसाक. तिथं आंरी फ्रूजेस नावाचा साखरेचा कारखानदार होता. कामगारांसाठी वस्ती बांधायची म्हणून त्यानं ल कॉर्ब्युझिएला बोलावलं. हो, तोच, ज्यानं पुढे आपलं चंडीगढ आखलं. १९२४ ते १९२६ या काळात पन्नासेक घरं उभी राहिली. सगळी काँक्रीटची. सपाट गच्च्या, लांबच लांब आडव्या खिडक्या, काही घरांच्या खाली मोकळी जागा, आणि भिंतींना तपकिरी, निळा, फिकट हिरवा असे रंग. त्या काळच्या फ्रेंच माणसाला हे सगळं फारच विचित्र वाटलं असणार.

गंमत म्हणजे घरं तयार झाली, पण राहायला कोणी नाही! सरकारी परवानग्या आणि पाण्याची जोडणी यांत काही वर्षं गेली. मग १९२८ मध्ये फ्रान्समध्ये लूशेर कायदा आला. साध्या उत्पन्नाच्या लोकांना सरकारी कर्जातून घर घेता येऊ लागलं. त्यानंतर पेसाकमध्ये माणसं आली. म्हणजे बघा, ही मंडळी आपल्यासारखीच. कर्ज काढून घर घेतलेली, हप्ते फेडणारी.

आणि मग त्यांनी काय केलं? कुणी सपाट गच्चीवर उतरतं कौलारू छप्पर चढवलं, कारण बोर्दोकडे पाऊस भरपूर. कुणी लांब आडवी खिडकी अर्धी बुजवून नेहमीची उभी खिडकी केली आणि तिला लाकडी झडपा लावल्या. कुणी घराखालची मोकळी जागा बंद करून खोली काढली. कुणी गच्ची झाकून घेतली. रंग तर बहुतेकांनी आपल्या आवडीचे दिले. तीस-चाळीस वर्षांत मूळ वस्ती ओळखू येईना. वास्तुकलेच्या जगात हळहळ व्यक्त झाली. एवढ्या मोठ्या माणसाचं काम लोकांनी बिघडवलं म्हणून.

पुढे फिलिप बूदों नावाचा फ्रेंच वास्तुविशारद तिथं गेला आणि त्यानं एक साधी गोष्ट केली, जी आधी फारशी कुणाला सुचली नव्हती. त्यानं राहणाऱ्यांनाच विचारलं. त्याचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. त्याच्या अभ्यासातला महत्त्वाचा मुद्दा असा, की लोकांनी हे बदल केले ते ते करता येण्यासारखे होते म्हणून. आतली मोकळी मांडणी, घराखालची जागा, गच्ची या सगळ्यांनी राहणाऱ्याला वाव दिला. म्हणजे वास्तुविशारद हरला आणि लोक जिंकले, इतकं ते सोपं नव्हतं. घरात जागा शिल्लक होती आणि लोकांनी ती भरली.

हे वाचताना मला माझंच घर आठवलं. मी नवी मुंबईत जुन्या इमारतीतला एक फ्लॅट घेतला, तेव्हा तो आतून पांढराशुभ्र होता. सुंदर वगैरे. आई पहिल्यांदा आली, सगळ्या खोल्यांतून फिरली आणि म्हणाली, “अगं, तुझ्या घरात एक खुंटी नाही. आल्यावर पिशवी टांगायची कुठे?” मी म्हटलं, “आई, कपाट करणार आहे गं.” तर म्हणाली, “कपाट कर की, पण खुंटी आधी मार.” मग दाराजवळ एका फळीवर पाच खुंट्या आल्या. खिडकीखाली बसायला एक बुटकी पेटी आली, ज्यात अंथरुणंही मावतात. स्वयंपाकघरात ओट्यावर उजेड पडेल असा एक दिवा आला. खर्च विचाराल तर, एका कोपऱ्यातल्या फॉल्स सीलिंगपेक्षा कमी. पण पाहुणे येतात ते त्या पेटीवरच बसतात.

आपल्या लोकांना हे कौशल्य काही नवीन नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळी बघा. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं सरकारनं बांधलेल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. ती घरं राहणाऱ्यांच्या मालकीचीही नव्हती. तरी पोटमाळा काढून, कोपऱ्यात मोरी करून, भिंतीवर मांडणी ठोकून, दारात तुळस ठेवून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. एकाच मापाच्या खोल्या, पण दोन घरं आतून सारखी नसायची.

आता दुसऱ्या उदाहरणाकडे येते, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजकडे.

नवी मुंबई वसवायची म्हणून १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. चार्ल्स कोरिया हे नव्या शहराची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक. मूळचे गोव्याच्या कुटुंबातले, कारकीर्द मुंबईत. १९८० च्या दशकात त्यांनी सिडकोसाठी बेलापूरला, डोंगराच्या कुशीत, सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची वस्ती आखली. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती. असे तीन गट मिळून मोठं अंगण. पुन्हा त्यांचे गट, आणि असं करत करत सगळी वस्ती. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरपर्यंतचे. गरीब-श्रीमंतांच्या जागांत फार फरक पडू नये हा त्यामागचा हेतू.

पण आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या घरांची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नव्हती. का? तर उद्या तुम्हाला एक खोली वाढवायची झाली, तर शेजाऱ्याला विचारायला नको, त्याच्या घराला धक्का नको. बांधकामही साधं, विटांच्या भिंती आणि उतरती कौलं. गावातल्या गवंड्याला आणि सुताराला जमेल असं. पेसाकमध्ये लोकांनी जे नंतर केलं, ते कोरियांनी नकाशातच गृहीत धरलं. घर पूर्ण करायचं काम त्यांनी मुद्दाम राहणाऱ्यांवर सोडलं.

मग बेलापूरचं काय झालं? लोकांनी सुरुवातीला अगदी तसंच केलं. ओटे आले, पडव्या आल्या, एखादी खोली वाढली, अंगणात झाडं वाढली. पण पुढे नवी मुंबईत जागेचे भाव चढले आणि हळूहळू अनेक मूळ घरं पाडून त्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटची घरं उभी राहिली. आज तिथं गेलात तर मूळ कौलारू घर शोधावं लागतं. काही गल्ल्यांत उजेड कमी झालाय, हवा अडलीय. अंगणं मात्र बरीचशी टिकली आहेत. मुलं तिथं अजून खेळतात.

आणि पेसाकचं? तिथं उलटं झालं. १९८० मध्ये तिथलं एक घर ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित झालं. मग मूळ रंग, मूळ खिडक्या परत आणायचं काम सुरू झालं. २०१६ मध्ये ल कॉर्ब्युझिएच्या इतर कामांबरोबर पेसाकही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. म्हणजे ज्या आजोबांनी मोठ्या प्रेमानं झडपा बसवल्या, त्यांच्या झडपा आता चूक ठरल्या.

मला विचाराल तर या दोन्ही टोकांना काहीतरी हरवलं. पेसाकमध्ये घर पुन्हा वास्तुविशारदाचं झालं. बेलापूरमध्ये काही ठिकाणी ते जमिनीच्या भावाचं झालं. पाडून नवं बांधणं म्हणजे घर आपलं करणं नव्हे. घर आपलं होतं ते त्या मधल्या काळात. एक खुंटी, एक ओटा, एक झडप, एक झाड, असं एकेक करत.

तुमच्यापैकी अनेकांनी नुकतंच घर घेतलंय, म्हणून या इतिहासातून निघणाऱ्या तीन गोष्टी सांगते.

एक, लगेच सगळं करू नका. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या घरात काढा. ओल कुठून येते, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, घरातले संध्याकाळी आपोआप कुठं जमतात, हे कुठल्याच नकाशात दिसत नाही. पेसाकवाल्यांनी छप्पर चढवलं ते पाऊस बघून.

दोन, हाताला लागणाऱ्या जागांपासून सुरुवात करा. दाराची पाटी, खुंट्या, बसायची जागा, वाचायचा दिवा, एका भिंतीचा रंग, दारातली कुंडी. रंग नाही आवडला तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो.

तीन, आणि हे जरा गंभीरपणे ऐका. आपण बेलापूरच्या त्या सुट्या घरात राहत नाही. फ्लॅटमध्ये तुमची भिंत ही कुणाच्या तरी छताचा आधार असू शकते. खांब आणि तुळया यांना हात लावायचा नाही. जुन्या इमारतींत तर भिंतीच भार पेलतात. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडायचा विचार असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी घ्या. बाथरूमची फरशी उकरताना खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं, तर गळती शेजाऱ्यांच्या घरात होते आणि भांडण आपल्या दारात येतं. कोरियांनी दोन घरांमध्ये फट ठेवली ती याच विचारानं. आपल्याकडे ती फट नाही, म्हणून ते भान आपल्यालाच ठेवायला हवं.

बाकी, तुमच्या घरात तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत, ते मला जरूर कळवा. केवढ्याला पडलं ते नाही सांगितलंत तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.