वेताळ (फँटम)

कवटीची अंगठी, डोळ्यांवर मुखवटा आणि अंगाबरोबर बसणारा जांभळा वेश असलेला वनवासी चित्रकथानायक. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी तो निर्माण केला. रे मूर यांच्या रेखाटनांसह त्याची दैनिक चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी. वेताळाला उडता येत नाही आणि गोळी लागली तर रक्तही येते; त्याची खरी ताकद त्याच्याविषयीच्या दंतकथेत आहे. बापामागून मुलगा तोच वेश चढवत आल्यामुळे हा माणूस चारशे वर्षे मेलेलाच नाही, असे जंगलातले लोक मानतात. मालिकेचा नायक या घराण्यातला एकविसावा. त्याच्या ठोशाने गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो आणि जन्मभर जात नाही. एवढी एक चौकट बालवाचकाला पुरेशी असे.

मराठीत तो इंद्रजाल कॉमिक्समधून आला. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि इंग्रजीशिवाय मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढली. जादूगार मँड्रेक आणि अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन हे नायकही तिच्यातलेच. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली मुखपृष्ठे आतल्या चित्रांपेक्षा सरस असत, असे म्हणायला हरकत नाही. आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा देशी नायक १९७६ मध्ये याच मालिकेत अवतरला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले.

वेताळाची जन्मकथा समुद्रावरची आहे. इ.स. १५३६ मध्ये चाचे एक जहाज लुटतात, कप्तानाला मारतात. त्याचा मुलगा तेवढा किनाऱ्याला लागतो. पुढे वाळूत त्याला एका चाच्याचे प्रेत सापडते, अंगावर त्याच्याच बापाचे कपडे. त्या चाच्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी नष्ट करण्याची शपथ घेतो. मूळ इंग्रजीत या चाच्यांची टोळी ‘सिंग’ नावाची आणि देश ‘बंगाली’. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून इंद्रजालने सिंगचे ‘सिंगा’ केले आणि बंगालीचे ‘डेंकाली’. नावे बदलली, पण पूर्वेच्या समुद्रावर चाचे असायचेच आणि त्यांचा बंदोबस्त गोऱ्या माणसाने करायचा, हे गृहीत तसेच राहिले.

कोकण किनाऱ्यावर या गृहीताची दुसरी बाजू पाहायला मिळते. हर्णे (ता. दापोली, जि. रत्नागिरी) बंदरासमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांचा हा प्रदेश. परवाना न घेता जाणारे जहाज ते पकडत. मराठ्यांच्या दृष्टीने हा राज्याचा हक्क होता. इंग्रजी कागदांत आंग्रे ‘चाचे’ ठरले. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याकडून सुवर्णदुर्ग एप्रिल १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने घेतला, तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून. त्यामुळे सगळा दोष परक्यांवर ढकलण्याची सोय नाही. जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर १७८४ मध्ये या विजयाचा तिकोनी मनोरा बांधला. ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ या नावाने तो आजही उभा आहे. वेताळाची गोष्ट या मनोऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. हर्णेच्या धक्क्यावरून ती वाचली, तर नायक कोण हे ठरवायला जरा वेळ लागतो.

अ‍ॅनिमेशन मालिकांत वेताळ विज्ञानकथेकडे वळला. ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ (१९८६, ६५ भाग) या मालिकेचा काळ २०१५ सालचा. तीत वेताळ, मँड्रेक, त्याचा साथीदार लोथार आणि फ्लॅश गॉर्डन मिळून परग्रहावरच्या मिंगशी लढतात. खेळण्यांच्या दुकानाकडे डोळा ठेवून रचल्यासारखी ही मालिका आज फारशी पाहवत नाही. ‘फँटम २०४०’ (१९९४–९६, ३५ भाग) मात्र पाहण्याजोगी आहे. पीटर चुंग यांनी आखलेल्या तिच्यातल्या आकृती लांबट आणि हाडकुळ्या आहेत. पर्यावरण कोसळल्यानंतरच्या मेट्रोपिया या महानगरात चोविसावा वेताळ वावरतो. इथे चाचे मागे पडतात. वेताळाचा मुख्य शत्रू असतो ‘मॅक्सिमम’, आणि ती एक कंपनी आहे.