तेल धरून ठेवणारी गाळणी

मोटारगाडीच्या जन्मानंतर पहिली तीन-साडेतीन दशके तिच्या इंजिनात तेल गाळण्याची खरी सोय नव्हती. पंपाच्या तोंडाशी तारेची एक जाळी असे. तिच्यात मोठा कचरा अडे. काजळी, धूळ आणि धातूचा बारीक कीस मात्र तेलाबरोबर फिरत राही. वंगण म्हणून घातलेले तेल हळूहळू पॉलिशकागदासारखे काम करू लागे. त्यावर इलाज एकच, तेल वारंवार बदलणे.

१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी तेलाची गाळणी, म्हणजेच ऑइल फिल्टर, तयार केली. ‘प्युअर ऑइल लेटर’ (शुद्ध तेल, नंतर) या शब्दांची सांधेजोड करून तिला ‘प्युरोलेटर’ हे नाव दिले गेले. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत ती बसवलेली होती. नावातला ‘नंतर’ हा शब्द आम्हांला मोठा प्रामाणिक वाटतो. कारण पंपातून निघालेले बहुतेक तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाई. थोडासा भाग तेवढा आडवाटेने गाळणीत शिरे आणि स्वच्छ होऊन इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात पडे. फिरता फिरता केव्हातरी सगळ्या तेलाची पाळी येई. या मांडणीत इंजिन बंद झाल्यावर गाळणी रिकामी झाली काय आणि भरलेली राहिली काय, फारसे बिघडत नव्हते.

पुढच्या काही दशकांत मुख्य प्रवाहच गाळणीतून नेण्याची पद्धत रूढ झाली. बेअरिंगांना आता गाळलेलेच तेल मिळू लागले. पण गाळणी ही वाटेवरची चौकी बनली. ती तुंबली तर इंजिनाला तेलच मिळायचे नाही! म्हणून तिच्याजवळ स्प्रिंगची एक झडप आली. गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे सोडते. मळके तेल वाईट खरे, पण तेल नसणे त्याहून वाईट.

दुसरी अडचण अधिक मजेची आहे. इंजिन बंद झाले की पंप थांबतो. गाळणी आडवी किंवा तोंड खाली करून बसवलेली असेल, तर तिच्यातले तेल पंपाच्या फटींतून हळूहळू तेलपात्रात उतरते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर आधी गाळणी भरते, मग तेल पुढे जाते. तेवढा वेळ बेअरिंगे जुन्या तेलाच्या पातळ थरावर चालतात. यावर तोडगा म्हणजे रबराची एक लवचिक चकती. नव्या गाळणीच्या तोंडाकडे पाहिले, तर मध्यभागी एक मोठे आणि त्याभोवती कड्यासारखी लहान छिद्रे दिसतात. तेल लहान छिद्रांतून आत येते, कागदाच्या घड्यांतून गाळले जाते आणि मधल्या छिद्रातून बाहेर पडते. लहान छिद्रांच्या आतून ही चकती टेकलेली असते. येणारे तेल तिला ढकलून आत शिरते. परत जाऊ लागले की ती छिद्रे बंद करते. नवी गाळणी वर्गात आणून बोथट पेन्सिलीने चकती किंचित दाबून पाहिली, तर एकदिशा झडप म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर कळेल. सतत उष्णतेत राहून साधे रबर कडक होते आणि छिद्रांवर नीट बसत नाही, म्हणून काही गाळण्यांत सिलिकोन रबर वापरतात.

१९५० च्या दशकाच्या मध्यास कागद, झडपा आणि पत्र्याचे आवरण असे सारे एकत्र असलेली, फिरकीसारखी घट्ट बसवायची आणि काम झाल्यावर फेकून द्यायची गाळणी आली. मेकॅनिकचे काम सोपे झाले. पण तेल धरून ठेवण्यात तरबेज असलेली ही डबी कचऱ्यात जातानाही तेल धरूनच जाऊ लागली! नुसती उपडी करून भागत नाही. चकती छिद्रे बंद करते, बाहेरची हवा आत जात नाही, आणि कागदाच्या सूक्ष्म छिद्रांत केशाकर्षणाने तेल अडून राहते. कचऱ्यात पत्रा गंजला की ते जमिनीत उतरते.

१९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वापरलेल्या गाळण्यांसाठी नियम केला. गाळणी घातक कचऱ्यातून वगळायची, तर तिचा घुमटाकार तळ किंवा ती रबरी झडप भोसकून, अथवा गाळणी चेपून वा उकलून, तेल गरम असतानाच निथळले पाहिजे. शिवाय निदान बारा तास निथळू देण्याची शिफारस होती. शिसे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा मुलामा असलेल्या गाळण्यांना ही सवलत नव्हती.

‘गरम असतानाच’ या अटीमागे साधे भौतिकशास्त्र आहे. नेहमीच्या इंजिन तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला असते त्याच्या सहा-सातपट ४० अंशांना असते. गार तेल घड्यांतून हलायलाच तयार नसते. भोक पाडल्याने हवेला वाट मिळते. उपड्या डब्याला वरून दुसरे भोक पाडले की तेलाची धार मोकळी होते, तसेच हे.

१९९० च्या दशकात युरोप व आशियातील अनेक मोटार कंपन्या पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळल्या. घर इंजिनालाच कायमचे जोडलेले असते आणि फक्त आतला कागदी भाग बदलायचा, त्यामुळे पत्रा फेकला जात नाही. काही इंजिनांत तर या घराच्या तळाशी छोटे बूच असते. ते काढून आधी तेल भांड्यात घ्यायचे आणि मगच कागद बाहेर काढायचा.