वहीतली जमीन

ब्रह्मदेश म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन वास्तू उभ्या राहतात. एक मंडालेचा तुरुंग. १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य तेथे होते आणि तेथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. दुसरी रत्नागिरीचा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा इंग्रजांचा कैदी म्हणून रत्नागिरीस राहिला व १९१६ साली तेथेच वारला. परंतु त्या देशाशी आपले नाते सांगणारी आणखीही काही घरे आहेत. ती तमिळनाडूत, कारैकुडीच्या आसपास, चेट्टिनाड म्हणतात त्या मुलखात आहेत. एकेका वाड्याची लांबी एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत, आणि चौकाभोवती ब्रह्मी सागवानाचे कवेत न मावणारे खांब! हे वाडे पाहिल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. ज्यांनी परमुलखात लाखो एकर जमीन मिळवली, त्यांच्यापाशी तिची खूण म्हणून शेवटी लाकडाचे खांबच का उरावेत?

ही कथा भाताची आहे. १८५२ साली इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला. इरावती नदीच्या मुखाशी तेव्हा दलदल आणि रान होते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, युरोपची बाजारपेठ जवळ आली आणि तांदळाला भाव आला. बारा वर्षे सलग जमीन कसून सारा भरणाऱ्यास तिचा हक्क मिळे. ती गहाण टाकता येई, विकताही येई. उत्तरेकडून ब्रह्मी शेतकरी लोटले आणि रान तोडून शेते करू लागले. पण पीक हाती येईपर्यंत खायचे काय, बैल कशाने घ्यायचे? इंग्रजी बँका शेतकऱ्याला दारात उभे करीत नसत.

त्याला उभे केले चेट्टियारांनी. हे नगरत्तार व्यापारी मुरुगन देवाचे भक्त. त्यांचा व्यवहार हिशेबी आणि राहणी साधी. मालक चेट्टिनाडात राही व दुकान मुनीम चालवी. बायकामुले गावी ठेवून तो बहुधा तीन वर्षांच्या कराराने जाई आणि किट्टंगी नावाच्या सामायिक पेढीत इतरांसमवेत राही. बाजूला पेटी, पुढे बैठे मेज आणि मांडीवर वही, एवढाच त्याचा सरंजाम! १९३० च्या सुमारास सरकारी चौकशी समितीने मोजले, तेव्हा ब्रह्मदेशात अशा सुमारे १६५० पेढ्या होत्या आणि त्यांचे गुंतलेले भांडवल पाऊणशे कोटी रुपयांच्या घरात होते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश शेतीत होते. गावच्या ब्रह्मी सावकारापेक्षा त्यांचे व्याज कमी होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

चेट्टियाराला जमीन नको होती. जमीन म्हणजे अडकलेला पैसा, आणि त्याला पैसा फिरता हवा. पण १९३० साली जगभर मंदी आली आणि भाताचा भाव थोड्याच काळात निम्म्याच्या आसपास कोसळला. कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. गहाणवटीची शेते एकामागून एक पेढ्यांच्या नावावर चढू लागली. भाताच्या तेरा प्रमुख जिल्ह्यांत १९३० साली चेट्टियारांकडे शंभरात सहा एकर होते. १९३८ मध्ये ते पंचवीस झाले, म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख एकर! ज्याने रान तोडले तो आपल्याच शेतात कूळ झाला, आणि मालक समुद्रापलीकडे, त्याने ते शेत कधी पाहिलेलेही नाही.

वहीच्या दृष्टीने यात अन्याय कोठेच नव्हता. दस्त पक्के होते, कोर्टाचा शिक्का होता. परंतु गावाची वही निराळी असते. १९३० च्या अखेरीस साया सान याच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १९३० आणि १९३८ मध्ये रंगूनात हिंदी लोकांविरुद्ध दंगे झाले, आणि त्यांत मार खाल्ला तो बहुतांशी गोदीतल्या व गल्लीतल्या गरिबाने. रंगूनच्या वस्तीत तेव्हा निम्म्याहून अधिक लोक हिंदीच होते. भाव पाडणारी बाजारपेठ आणि सारा घेणारे सरकार दूर होते. समोर दिसत होता तो वहीवाला.

१९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून अलग झाला आणि कालचा प्रांत परदेश ठरला. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले. लाखो हिंदी लोक डोंगरजंगलांतून पायी आसामकडे निघाले, हजारो वाटेतच गेले. १९४८ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला, १९५३ मध्ये दुसरा झाला. भरपाई साऱ्याच्या पटीत ठरली, म्हणजे किमतीच्या मानाने नाममात्र. १९६२ मध्ये सेनापती ने विन यांनी सत्ता घेतली. पाठोपाठ बँका आणि दुकानेही सरकारजमा झाली. लाखाहून अधिक हिंदी लोक परतले. त्यांतल्या कित्येकांना आयुष्याची कमाई, बायकांच्या अंगावरचे दागिनेसुद्धा, तेथेच ठेवावे लागले.

आज आपल्या ओळखीपाळखीतली माणसे दुबईला किंवा लंडनला सदनिका घेतात. त्यांना मी भीती घालू इच्छित नाही. राहायचे घर आणि गहाणवटीत बुडालेले शेत यांत फार अंतर आहे. मात्र सोने उचलून नेता येते, हुंडी फिरवता येते. जमीन जेथल्या तेथेच राहते. म्हणून ती ज्यांच्यामध्ये आहे त्यांची संमती हाही तिच्या दस्तातला एक भाग असतो, आणि तो कोणत्याही कचेरीत नोंदवला जात नाही. चेट्टियारांचा भरवसा इंग्रजांच्या कायद्यावर होता. कायदा करणारे गेले, तेव्हा शेजारी म्हणून त्यांची बाजू घेणारे गावात फारसे कोणी नव्हते. १९८७ साली ब्रह्मदेशाने परकीयांना स्थावर विकण्यास बंदी घालणारा कायदा केला; त्याच्या पोटी ही जुनी आठवण नसेल, असे मला वाटत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वहीवर हळदकुंकू वाहतो. त्या वहीत येणे लिहिलेले असते आणि देणेही. परमुलखातल्या जमिनीचे देणे पैशांत फिटत नाही, हे ब्रह्मदेशातल्या पेढ्यांच्या ध्यानी आले तेव्हा फार उशीर झाला होता.